गेमिंग कॉम्प्युटरची जुळणी : आपल्या विजेवर, आपल्या उन्हात

(शिंदखेडा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



समोर दोन पिढ्या बसलेल्या दिसतात. पुढच्या रांगांमधल्या मुलांना कुठलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ते ऐकायचं आहे. मागे बसलेल्या आप्पा, नाना, ताई, माई यांचा प्रश्न वेगळा आहे. एवढे पैसे घालायचे का, आणि घातले तर ते टिकतील का? कापसाचे पैसे वर्षातून एकदाच हातात येतात. त्यातले साठ-सत्तर हजार एका डब्यात घालायचे म्हटल्यावर ही शंका रास्तच आहे. तर आज आम्ही दोन्ही प्रश्न एकत्र घेणार आहोत, कारण मुळात ते एकच आहेत. नीट निवडलेली मशीन टिकते, आणि टिकणारी मशीनच स्वस्त पडते.

'असेंबल्ड' हा शब्द आपल्याकडे जरा हलका मानला जातो. कंपनीचा म्हणजे चांगला आणि असेंबल्ड म्हणजे जुगाड, असं. पण पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, तो कसा? अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळत नव्हता. तेव्हा डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखालच्या चमूने बाजारात विकत मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिप्स घेतल्या आणि त्या एकमेकींना जोडून एकत्र कामाला लावल्या. म्हणजे तयार भाग घेऊन, डोकं लावून जुळणीच केली. जुळवण्यात कमीपणा काही नाही. फक्त कुठला भाग कशासाठी हे कळलं पाहिजे.

सुरुवात पडद्यापासून

बहुतेक मुलं प्रोसेसरपासून सुरुवात करतात. आम्ही सांगतो, आधी मॉनिटर ठरवा. का, ते बघा.

पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं असतं. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७३ हजार ठिपके. त्याच्या वरचा १४४०पी म्हणजे ३६ लाख ८६ हजार. आणि फोर-के म्हणजे जवळपास ८३ लाख, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. ग्राफिक्स कार्डाला हे सगळे ठिपके दर सेकंदाला अनेकदा नव्याने रंगवावे लागतात. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा असेल तर सातपेक्षाही कमी. म्हणजे पडदा मोठा आणि वेगवान घेतला की कार्डावरचा बोजा अनेक पटींनी वाढतो, आणि खर्चही.

शिंदखेड्यात पहिल्यांदा मशीन जुळवणाऱ्या घराला आम्ही फुल एचडी, २४ इंची, १०० ते १४४ हर्ट्झचा मॉनिटर सुचवतो. फोर-केच्या नादी लागू नका. पडदा ठरला की कार्ड ठरतं, कार्ड ठरलं की प्रोसेसर ठरतो, आणि त्या दोघांवरून पॉवर सप्लाय. ही साखळी उलटी धरली की पैसे चुकीच्या जागी जातात.

कार्ड, प्रोसेसर आणि बाकीची मंडळी

गेमसाठीच मशीन असेल तर पैशाचा सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला. आमचा ठोकताळा असा : मॉनिटर सोडून जो खर्च आहे, त्याचा तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के कार्डाला, साधारण पाचवा हिस्सा प्रोसेसरला, आणि उरलेल्यात बाकी सगळं. पन्नास हजारांच्या मशीनमध्ये तीस हजारांचा प्रोसेसर आणि आठ हजारांचं जुनं कार्ड, अशी जोडी म्हणजे बुलेटचं इंजिन लुनाला बसवल्यासारखं. आवाज येतो, गाडी पळत नाही.

फुल एचडीसाठी सहा कोरचा प्रोसेसर पुरतो. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ ही सहा कोर, बारा थ्रेडची नेहमीची उदाहरणं. त्यातलं 'एफ' अक्षर लक्षात ठेवा. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं की मशीनही बसून राहतं.

आता सॉकेट. म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीचं एएम-४ सॉकेट २०१६ पासूनचं, त्यात डीडीआर-४ रॅम लागते. २०२२ साली एएम-५ आलं, त्यात फक्त डीडीआर-५ चालते. जुनं स्वस्त पडतं, पण पुढे वाढायला जागा कमी. नव्यात पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता जास्त. पूर्वी आम्ही डोळे मिटून नवं घ्या म्हणायचो. आता तसं म्हणत नाही, कारण २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे आणि कारखाने आधी त्यांची मागणी भागवतात. मायक्रॉनने तर 'क्रुशिअल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. तेव्हा कुणाकडे जुन्या मशीनमधली चांगली डीडीआर-४ रॅम पडून असेल, तर ती फेकू नका. तिच्याभोवती एएम-४ ची मशीन उभी राहू शकते.

रॅम १६ जीबी, आणि जमलं तर ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी म्हणजे एकपदरी रस्ता, दोन पट्ट्या म्हणजे दुपदरी. साठवणुकीला एनव्हीएमई एसएसडी घ्या. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई साडेतीन हजार आणि त्याहून जास्त. खेळताना फ्रेम वाढत नाहीत त्याने, पण गेम उघडायला लागणारा वेळ वाचतो. आणि हल्ली एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो, तेव्हा ५०० जीबीपेक्षा १ टीबी बरी.

कार्डाची मेमरीही बघा. ८ जीबीवर आज फुल एचडी निभतं, पण नवे जड गेम ती भरून टाकतात. पाच वर्षं वापरायचं असेल तर १२ किंवा १६ जीबीचं कार्ड, थोडं थांबून का होईना, घेतलेलं चांगलं.

आपली वीज

आता येतो मुख्य मुद्दा. यूट्यूबवरचे व्हिडिओ मुंबई-बंगळुरूतल्या एसी खोलीत बसून केलेले असतात. आपल्याकडे वीज वेगळी आणि ऊनही वेगळं.

पॉवर सप्लाय, आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो, त्यात सगळ्यात जास्त काटकसर होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथूनच होतं. स्वस्त कॅबिनेटबरोबर जो 'फुकट' सप्लाय येतो, त्यावर ४५० वॉट छापलेलं असतं. छापायला काय जातं! हातात घेऊन बघा, वजन लागत नाही. तो जळताना एकटा जळत नाही, कधी कधी बोर्ड आणि कार्ड घेऊन जळतो.

हिशोब साधा आहे. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉट घेतं. ५६०० प्रोसेसर साधारण ७५. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास धरा. झाले २४०. म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा सप्लाय भरपूर झाला. ८५० वॉटचा घेऊन दाखवण्यापलीकडे उपयोग नाही. बघायचं ते तीन गोष्टी : ८० प्लस ब्राँझ किंवा त्यावरचं मानांकन, पाच वर्षांच्या आसपास वॉरंटी, आणि इनपुटला '१०० ते २४० व्होल्ट' असं लिहिलेलं. ही तिसरी गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. संध्याकाळी गावातल्या मोटारी चालू झाल्या की घरातला व्होल्टेज १७०-१८० वर येतो. पूर्ण रेंजचा सप्लाय ते सोसतो. फक्त २३० वर चालणारा बंद पडतो, आणि मुलाला वाटतं गेम क्रॅश झाला.

यूपीएसचं बघू. २४० वॉट आत लागले, सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून २८० वॉट येतात. मॉनिटरचे ३० मिळवा, ३१० झाले. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. अगदी काठावर. १००० व्हीएचा घ्या. त्यावर तासभर खेळायचं नसतं. पाच मिनिटांत गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायचं असतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस मोड'चं बटण आहे का बघा. ते नसेल तर वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात मशीन रीस्टार्ट होतं.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव किती जणांना आहे? बघा, किती हात वर झाले. सप्लायच्या आत एक फिल्टर असतो, तो विजेतला कचरा अर्थच्या तारेत सोडतो. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, म्हणून आपण झिणझिण्यांवर सुटतो. पण आत कधी फेजची तार कॅबिनेटला टेकली, तर तो धक्का जीवावर बेतू शकतो. तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नका. जुन्या घरांत तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नसते. वायरमनला बोलवा, मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसला पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. नसेल तर आधी अर्थिंगचा खड्डा, मग ग्राफिक्स कार्ड. घरात ईएलसीबी असेल तर अजून उत्तम. आम्ही कुणाच्या घरी जुळणीला गेलो की पहिल्यांदा बोर्डाचा प्लगच तपासतो.

आपला उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो. आता एक नियम पाठ करा : पंख्याने थंड होणारी कुठलीही मशीन खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७० वर असेल, तर खोली ४२ ला गेल्यावर तोच प्रोसेसर साधारण ८७ वर जाणार. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० च्या दरम्यान स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतात. म्हणून तीच मशीन डिसेंबरात पळते आणि मे महिन्यात अडखळते.

दुसरं असं, मशीन जी वीज खाते ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. तीनशे वॉट म्हणजे छोटा हीटरच. पत्र्याच्या खोलीत तो दुपारी चालवायचा का, तुम्हीच ठरवा. ज्यांचं जुनं धाब्याचं घर आहे ते नशीबवान, खोली गार राहते. मात्र धाब्याची माती झरते, तेव्हा मशीनच्या वर काहीतरी आडोसा हवा.

उपाय काय? कॅबिनेट निवडताना पुढची बाजू काचेची नको, जाळीची घ्या. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ शिरत नाही, ती पुढच्या फिल्टरवरच अडते. हा फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झटकायचा. जिनिंगच्या आसपास राहत असाल तर दर आठवड्याला, कारण रुईचे तंतू फिल्टरवर गोधडीसारखे बसतात. प्रोसेसरबरोबर आलेला छोटा कूलर पुण्यात चालेल, आपल्याकडे उभा, चार नळ्यांचा एअर कूलर वेगळा घ्यावा. पाण्याचा घ्यायची गरज नाही. आणि कूलरवरून आठवलं, घरचा वाळ्याचा कूलर थेट मशीनवर सोडू नका. ती हवा ओली असते, तुषार आत गेले तर सगळंच संपलं.

एक फुकटचा उपाय. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमवर मर्यादा घाला. मॉनिटर १०० हर्ट्झचा असताना कार्ड दोनशे फ्रेम काढत असेल, तर निम्मी मेहनत डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही, उष्णता मात्र पूर्ण होते.

'आय-सेव्हन गेमिंग पीसी, फक्त पंधरा हजार'

अशी जाहिरात तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, रंगीत दिवे. खोटं त्यात काहीच नसतं, फक्त एक गोष्ट सांगितलेली नसते : कितव्या पिढीचा आय-सेव्हन? बहुतेक वेळा तो आय-सेव्हन ३७७० असतो, २०१२ सालचा, चार कोरचा. त्याहून आजचा साधा आय-थ्री बरा. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो, ते त्या जुन्या बोर्डात नसतं. म्हणजे ज्या गेमसाठी मशीन घेतली तोच चालणार नाही.

वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेताना समोर बसून, अर्धा तास गेम चालवून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं मोठ्या संख्येने बाजारात आली. त्यातली काही अजून फिरताहेत. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण भाव त्या मानानेच द्यायचा. शिवाय जुन्या कार्डाचं आतलं सॉफ्टवेअर बदलून ते नव्या नावाने विकण्याचा प्रकार चालतो. जीपीयू-झेड नावाचा फुकटचा प्रोग्रॅम लावला की बहुतेक वेळा पितळ उघडं पडतं.

नवं घेताना जीएसटीचं बिल हवंच, आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. 'बिल नको, अठरा टक्के वाचतील,' असं दुकानदार म्हणाला तर समजा की वॉरंटीही वाचली, त्याची! धुळे, नाशिक, सुरत की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कुठूनही घ्या, पण त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी विचारा. शिंदखेड्याहून रेल्वे थेट सुरतेला जाते, तेव्हा कधी कधी मुंबईपेक्षा सुरत सोयीची. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा.

जुळणी

जुळणीला दोन-तीन तास आणि एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. क्रम सांगतो.

आधी बोर्ड खोक्यावरच ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी बसवा. प्रोसेसर जोर लावून बसवायचा नसतो. कोपऱ्यातला त्रिकोण जुळला की तो आपोआप बसतो. एएम-४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एएम-५ आणि इंटेलमध्ये त्या सॉकेटमध्ये असतात. वाकली पिन की वॉरंटी गेली. दोन रॅम पट्ट्या चार खाचांच्या बोर्डात बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात. थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढलंय ना, हे दोनदा बघा.

मग कॅबिनेटमध्ये आयओ पट्टी, खालचे पितळी स्टँड, त्यावर बोर्ड. स्टँड न लावता बोर्ड थेट पत्र्यावर ठेवला तर शॉर्ट झालाच म्हणून समजा. सप्लायच्या दोन मोठ्या तारा, २४ पिनांची बोर्डला आणि ८ पिनांची प्रोसेसरला. कार्डाची तार वेगळी असते. दोन वेगळ्या सप्लायच्या सुट्या केबली कधीही अदलाबदल करायच्या नाहीत. टोक जुळलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि चालू करताच धूर निघतो.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर डीडीआर-५ ची मशीन काही मिनिटं काळीच राहू शकते. ती रॅमची ओळख करून घेत असते. घाबरून बंद करू नका.

आणि शेवटी या तीन गोष्टी तपासा, कारण आमच्याकडे येणाऱ्या 'मशीन स्लो आहे'च्या तक्रारींत बहुतेकदा यांतलीच एक निघते. मॉनिटरची केबल कार्डाला आहे की चुकून बोर्डला? बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केलंय का? ते नसेल तर रॅम कमी वेगावर चालते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय का? नाहीतर महाग मॉनिटर वर्षभर ६० वरच चालत राहतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*भाऊ, कमीत कमी कितला पैसा लागतीन?*

आप्पा, सरळ उत्तर देतो. एकदम सगळं घेऊ नका. रायझन ५ ५६००जी सारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, दोन पट्ट्या रॅम, चांगला सप्लाय, जाळीचं कॅबिनेट. कार्ड घेऊच नका. खर्च जवळपास निम्म्यावर येतो. व्हॅलोरंट, जीटीए-फाइव्ह कमी-मध्यम सेटिंगवर चालतात, अभ्यास होतो, टॅली चालते. पोराचा उत्साह वर्षभर टिकला तर पुढच्या हंगामात कार्ड टाका. सप्लाय आधीच चांगला घेतलेला असल्यामुळे बाकी काही बदलावं लागणार नाही.

*वीजबिल किती वाढेल?*

भिंतीतून ३१० वॉट, रोज तीन तास जड गेम, म्हणजे दिवसाला साधारण एक युनिट. महिन्याला तीस. तुमच्या बिलावरच्या युनिटच्या दराने गुणा. नुसतं अभ्यासाचं काम असेल तर याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

*पोरगा म्हणतो ई-स्पोर्ट्समध्ये करिअर करीन. खरं आहे का?*

ई-स्पोर्ट्स खरे आहेत. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत, जी २०२३ मध्ये झाली, त्यात पदकं होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, ई-स्पोर्ट्सना मात्र त्याच कायद्याने वेगळी मान्यता दिली. हा फरक घरात स्पष्ट सांगा. पण खेळून पोट भरणारे फार थोडे असतात. त्यापेक्षा त्याला असं सांगा : याच मशीनवर ब्लेंडर फुकट चालतं, अनरियल इंजिन चालतं, व्हिडिओ एडिटिंग होतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला, तो अनरियलवरच बनलेला आहे. खेळण्याच्या दोन तासांबरोबर बनवण्याचा एक तास ठेवा, मग मशीनचे पैसे वाया गेले असं कुणी म्हणणार नाही.

*मुलीला घेऊन द्यावा का? तिचा भाऊ म्हणतो, तिला काय करायचाय.*

ताई, तिला मशीन घेऊन तर द्याच, आणि जुळणीच्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात द्या. ज्याने मशीन उघडून पाहिली त्याला ती पुढे दुरुस्तही करता येते. मग बघा, दोन वर्षांनी भावाची मशीन बंद पडली की तो कुणाकडे येतो.

वेळ संपली. उद्या घरी गेल्यावर कार्डाचा भाव नंतर बघा, आधी प्लगमागचं अर्थिंग तपासून घ्या.